धुऊन वापरायचं कापडी पॅड घरी शिवताना: सुरुवात वाळत घालायच्या दोरीपासून करा

बचत गटाच्या शिवणवर्गात कापडी पॅड शिकवायला लागल्यापासून एकच चूक पुन्हा पुन्हा समोर येते. पॅड जितकं जाड तितकं चांगलं असं समजून सहा-आठ थर एकावर एक ठेवले जातात आणि चारही बाजूंनी टीप मारून बंद केले जातात. शोषायला ते उत्तम असतं. पण धुतल्यावर मधला थर वाळत नाही. वरून हात लावला तर कोरडं लागतं, आत ओल राहते. मग वास येतो, खाज सुटते आणि बाई पुन्हा जुन्या साडीच्या फडक्याकडे वळते.

माझी पहिली वीस पॅडं अशीच गेली. सप्टेंबर होता, सोलापुरात पाऊस लागून राहिला होता. दोन दिवस दोरीवर असलेलं पॅड मी उसवून पाहिलं. मधला टॉवेलचा तुकडा दमट होता आणि त्यावर काळे ठिपके आले होते. त्या दिवसापासून मी पॅडचा कागद, म्हणजे कापायच्या मापाचा नमुना, आखायला बसते तेव्हा आधी विचारते: हे कुठे वाळणार, किती पाण्यात धुतलं जाणार, आणि दोरीवर कुणाला दिसलं तर काय दिसेल? ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय कात्री हातात घ्यायची नाही.

खाली दिलेली रचना दोन सुट्या भागांची आहे. बाहेरचं कव्हर पंखांचं, टिचबटणाचं, खालून पाणी अडवणारं. आतलं कापड चौकोनी. ते तीन घड्या घालून कव्हरवरच्या पट्ट्यांखाली सरकवायचं आणि धुताना पूर्ण उलगडायचं. उलगडलं की ते साध्या हातरुमालासारखं दिसतं.

टप्पा १: कापड निवडणं

आतल्या कापडासाठी दोन थर लागतात: एक सुती फ्लॅनेल, एक सुती होजिअरी, म्हणजे बनियनचं कापड. कव्हरच्या वरच्या बाजूला साधं मऊ सुती, खालच्या बाजूला पीयूएल. पीयूएल म्हणजे पॉलिएस्टरच्या विणलेल्या कापडाला पाठीमागून पॉलियुरेथेनचा पातळ थर चिकटवलेला असतो. ते मऊ असतं, चुरचुर आवाज करत नाही. त्याच्या जागी प्लास्टिकची पिशवी किंवा रेक्झीन कधीही वापरू नका. उन्हाळ्यात चाळीसच्या वर पारा गेला की त्यावर बसवत नाही, मांड्या सोलवटतात.

आता सोलापूरची खास चूक. इथे युनिफॉर्म शिवणारे कारखाने पुष्कळ, त्यामुळे कतरण फुकट किंवा किलोवर मिळते. ती बघून मोह होतो. पण युनिफॉर्मचं कापड बहुतेक टेरिकॉट असतं, त्यात पॉलिएस्टर मिसळलेलं असतं. ते पाणी पीत नाही, वरून घरंगळू देतं. चाटी गल्लीच्या कापडबाजारात ‘प्युअर कॉटन’ सांगून दिलेलं कापडही घरी आणून तपासा.

तपासणी: कापडाचे चार-पाच धागे काढून चिमट्यात धरा आणि पेटवा. सूत कागदासारखं जळतं, तसाच वास येतो आणि चोळलं की मऊ राख होते. पॉलिएस्टर आकसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर कडक काळा मणी उरतो. मणी राहिला तर ते कापड आतल्या भागासाठी बाद.

टेरी टॉवेलबद्दल मला नेहमी विचारलं जातं, कारण टॉवेल आपल्या गावचाच. नवा, जाड टॉवेल नको. त्याच्या उभ्या फासांत पाणी भरपूर राहतं, म्हणून वाळायला तो सगळ्यांत जास्त वेळ घेतो. शिवाय कापल्यावर कडेचे फास सुटत राहतात. वापरून वापरून पातळ झालेला नॅपकिन असेल तर फ्लॅनेलच्या जागी एक थर चालतो, पण एकच.

टप्पा २: खळ काढणं आणि कापड आटवणं

हा टप्पा वगळला जातो आणि पुढचं सगळं त्यामुळे बिघडतं. ज्यांच्या घरात माग चालला आहे त्यांना सांगायला नको, ताण्याच्या (उभ्या) धाग्याला सायझिंगमध्ये, म्हणजे विणण्याआधी, खळ दिलेली असते. कोऱ्या कापडात ती खळ आणि वरून दिलेलं फिनिशिंग तसंच असतं. अशा कापडावर थेंब टाकला तर तो मोत्यासारखा उभा राहतो. खूप महाग कापड आणूनही पॅड गळतं, त्याचं कारण बहुधा हेच असतं.

कोरं कापड रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी कढत पाण्यात थोडी धुण्याची पावडर टाकून धुवा, खळबळून वाळवा. असं तीन वेळा. कंडिशनर घालू नका, नीळ नको, स्टार्च तर नकोच. कंडिशनरचा मेणचट थर धाग्यावर बसतो आणि कापड पाणी शोषेनासं होतं.

कोरं सूत आटतंही. पहिल्या धुण्याआधी कापडावर बॉलपेनने १० सेंमीचा चौकोन आखा आणि तिसऱ्या धुण्यानंतर मोजा. माझ्याकडच्या एका फ्लॅनेलचा चौकोन ९.४ सेंमीवर आला होता. न आटवता शिवलं असतं तर २४ सेंमीचं कापड साडेबावीसवर आलं असतं, आणि होजिअरी वेगळ्या प्रमाणात आटल्याने सगळं वेडंवाकडं झालं असतं.

तपासणी: वाळलेल्या कापडावर पाण्याचा एक थेंब टाका. मनात तीन आकडे मोजेपर्यंत तो आत शिरला पाहिजे. उभा राहिला तर आणखी एकदा धुवा.

इशारा: पीयूएल कढत पाण्यात घालू नका. ते फक्त एकदा साध्या पाण्यातून काढा.

टप्पा ३: माप आणि आकार

बसण्याच्या पद्धतीचा विचार इथे करायचा. अशोक चौकाच्या बाजूला विड्या वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास मांडी घालून बसतात. त्यांचा डाग जवळजवळ नेहमी मागून पडतो. कारखान्यात मशीनवर खुर्चीच्या कडेला पुढे झुकून बसणारीला पुढच्या बाजूला आधार लागतो. उभ्याने काम करणारीला मधोमध. तिघींना एकच पॅड दिलं तर दोघींचं गळणार, आणि त्या म्हणणार की कापडी पॅडच वाईट.

शिवून तयार झाल्यावरची मापं अशी असू द्या:

कव्हर: लांबी २८ सेंमी, मधली रुंदी साडेसात सेंमी, पुढचं टोक साडेआठ, मागचं टोक साडेनऊ. प्रत्येक पंख ५ सेंमी. पंखांचा मध्य पुढच्या टोकापासून १२ सेंमीवर घ्या, म्हणजे मागे १६ सेंमी उरतात. मांडी घालून बसणारीसाठी मागची बाजू आणखी २ सेंमी वाढवा. पुढे झुकून बसणारीसाठी पंखांचा मध्य १४ सेंमीवर घ्या.

आतलं कापड: २४ सेंमी लांब, २० सेंमी रुंद. रुंदीत तीन घड्या घातल्या की साधारण साडेसहा सेंमीची पट्टी होते आणि दोन थरांचे सहा थर होतात. कव्हर लांब केलं तर हेही तेवढंच लांब करा.

कव्हरच्या आणि आतल्या कापडाच्या कागदावर चारही बाजूंनी ८ मिलिमीटर शिवण धरा. जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कागदासाठी छान असतो. त्यावर ‘पुढे’ आणि ‘मागे’ लिहाच. पंख पुढच्या बाजूला सरकलेले असल्याने उलटं कापलं की पॅड उलटं बसतं, आणि ही चूक शिवून झाल्यावरच कळते.

टप्पा ४: कापणं

होजिअरीचा ताण पॅडच्या रुंदीत येऊ द्या, लांबीत नाही. लांबीत ताण आला तर चार धुण्यांत पॅड लोंबतं. पीयूएलवर टाचण्या टोचू नका, प्रत्येक भोक म्हणजे पाण्याची वाट. कपडे वाळत घालायचे चिमटे कडेला लावा आणि खूण खडूने करा.

एका संचासाठी कव्हरचे दोन तुकडे (एक सुती, एक पीयूएल), आतल्या कापडाचे दोन तुकडे (एक फ्लॅनेल, एक होजिअरी), आणि सुती कापडाच्या दोन पट्ट्या: १२ सेंमी लांब, ४ सेंमी रुंद. पट्टी दुमडून कडेने टीप मारली की २ सेंमीच्या आत-बाहेर राहते.

टप्पा ५: कव्हर शिवण्याचा क्रम

क्रम चुकला तर उसवावं लागतं, आणि पीयूएल उसवलं की जुनी भोकं तशीच राहतात. म्हणून हा भाग एकदा पूर्ण वाचून मग मशीनवर बसा.

आधी सुती तुकड्याची सुलट बाजू वर ठेवा. पुढच्या टोकाच्या शिवणरेषेपासून ३ सेंमीवर एक पट्टी आडवी, मागच्या टोकापासून ३ सेंमीवर दुसरी. पट्टी अगदी ताणून लावू नका, घडी केलेलं कापड खालून सरकेल इतकी, साधारण अर्धा सेंमी, सैल ठेवा. दोन्ही बाजूंना कडेलाच कच्ची टीप मारून पक्की करा आणि बाहेर आलेली टोकं कापून टाका. मध्ये कुठेही टीप नको.

मग त्यावर पीयूएल ठेवा, कापडाची बाजू खाली, चकचकीत बाजू वर. सुलटं केल्यावर चकचकीत बाजू दोन कापडांच्या आत जाते, तशीच ती जायला हवी. बाहेर राहिली तर ती चड्डीवर घसरते आणि धुण्यात खरवडून निघते.

मशीनला १४ नंबरची सुई, टाका ३ मिलिमीटरचा. बारीक टाका जास्त मजबूत, ही आपली सवयीची समजूत इथे उलटी पडते. जवळजवळ भोकं पडली की पीयूएल टिपेवरून फाटतं, टपालाचं तिकीट फाटतं तसं. चकचकीत बाजू दाबपट्टीला चिकटून पुढे सरकत नसेल तर वरून पतंगाचा पातळ कागद ठेवून शिवा, नंतर फाडून टाका.

पंख आणि मागचं टोक यांच्यामधल्या सरळ कडेवर ६ सेंमी जागा उघडी ठेवा. बाकी पूर्ण शिवा. पंख जिथे वळतात तिथे शिवणीपर्यंत, पण शिवण न कापता, छोटे कट मारा. हे कट विसरले की पंख सुलटं केल्यावर आवळून उभे राहतात.

सुलटं करा, उघडी कड आत दुमडा, आणि कडेपासून ५ मिलिमीटरवर सगळीकडून एक टीप फिरवा. शोभेसाठी मधून टीप घालू नका. मधली प्रत्येक टीप गळती आहे.

टिचबटण: पंखाच्या टोकापासून दीड सेंमी आत. एका पंखाचं बटण वरच्या बाजूने, दुसऱ्याचं खालच्या बाजूने लावायचं. दोन्ही एकाच बाजूने लावले तर पंख दुमडल्यावर लागतच नाहीत. दर वर्गात दोघी-तिघींचं हे होतं. एका पंखावर १ सेंमी आत आणखी एक बटण दिलंत तर अरुंद चड्डीलाही पॅड घट्ट बसतं. लोखंडी बटण गंजतं, प्लास्टिकचं किंवा पितळेचं घ्या.

तपासणी: पंख लावून कव्हर टेबलाच्या कडेवर घट्ट ओढा. बटण सुटलं तर खाली कापडाचा तुकडा देऊन पुन्हा लावा.

टप्पा ६: आतलं कापड

फ्लॅनेल आणि होजिअरी एकावर एक ठेवून चारही बाजूंनी ओव्हरलॉक, म्हणजे कडेला गुंडाळणारी टीप. एवढंच. ओव्हरलॉकचं मशीन नसेल तर आडवा-तिडवा टाका. बारीक दुमड घातली तर कड जाड होते आणि मांडीला घासते, शिवाय कड शेवटी वाळते. कड जितकी पातळ तितकं बरं.

रंगावरून वाद होतो. बऱ्याच जणी गडद लाल किंवा काळं मागतात, डाग दिसू नये म्हणून. मी बाहेरचं कव्हर गडद देते आणि आतलं कापड फिकट. धुतल्यावर ते खरंच स्वच्छ झालं की नाही हे फिकट कापडावरच कळतं. शिवाय पाळीचा रंग, गाठी, नेहमीपेक्षा जास्त जाणं, हे बाईला स्वतःला दिसलं पाहिजे.

टप्पा ७: वापरण्याआधीच्या दोन चाचण्या

गळतीची चाचणी. औषधाच्या बाटलीच्या मापाने ५ मिलिलिटर पाणी पॅडच्या मध्यावर हळू ओता, मिनिटभर थांबा, पुन्हा ५, पुन्हा ५. खाली पांढरा कागद ठेवा आणि वर एक किलो साखरेची पिशवी मिनिटभर. कागद कोरडा राहिला पाहिजे. पाच दिवसांच्या पाळीत सर्वसाधारण मिळून ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे एका वेळच्या पॅडला १५ पुष्कळ झालं. मात्र रक्त पाण्यापेक्षा दाट असतं आणि हळू मुरतं, म्हणून या चाचणीत कडेपर्यंत ओल पसरत असेल तर खऱ्या वापरात डाग पडेलच असं धरा.

वाळण्याची चाचणी याहून महत्त्वाची. आतलं कापड भिजवा, पिळा, उलगडून सकाळी नऊला दोरीवर घाला आणि तासातासाने बघा. बोटांनी ओल कळत नाही. मधला भाग आणि कडा गालाला लावून बघा, गार लागलं तर ओल आहे. ही चाचणी मे महिन्यात करून उपयोग नाही, तेव्हा रजईसुद्धा दुपारपर्यंत वाळते. ढगाळ दिवशी, घरात, पंख्याखाली करा. संध्याकाळपर्यंत वाळलं नाही तर एक थर कमी करा.

टप्पा ८: कमी पाण्यात धुणं

शहरात तीन-चार दिवसांआड नळ येतो. ‘भरपूर वाहत्या पाण्यात धुवा’ हे सांगणाऱ्यांना आमच्या घरातले पिंप माहीत नाहीत. तीन भांड्यांत, उलट्या क्रमाने धुतलं की पाच लिटरची एक बादली तीन कापडांना पुरते.

पहिल्या भांड्यात कालचं शेवटचं खळबळलेलं पाणी. त्यात कापड उलगडून दाबून दाबून रंग काढा. पाणी गारच हवं. गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं घट्ट होतात आणि डाग धाग्यात बसतो. ते पाणी संडासात ओता. दुसऱ्या भांड्यात थोडी पावडर, हाताने चोळा, ब्रश नको. तिसऱ्या भांड्यात स्वच्छ पाणी. फेस उरला तर पुन्हा एकदा. हे तिसरं पाणी उद्याचं पहिलं, पण फार फार तर उद्यापर्यंतच ठेवायचं.

बोअरचं खारं पाणी असेल तर शेवटचं खळबळणं तरी नळाच्या पाण्यात करा. खाऱ्या पाण्यात साबणाचा चिकट साका कापडावर बसतो आणि काही महिन्यांत कापड पाणी पिणं सोडतं. साबणाच्या वडीपेक्षा पावडरीने हा त्रास कमी होतो.

कामावर असताना धुणं जमत नसेल तर कापड आतल्या बाजूने गुंडाळून पिशवीत ठेवा आणि घरी आल्याबरोबर भिजवा. दोन-दोन दिवस बादलीत भिजत ठेवू नका. जंतुनाशक औषध, ब्लीच काही घालायचं नाही. ते धाग्यात राहून त्वचा जाळतं. धुतल्यावर फिकट पिवळसर डाग राहिला तर तो घाण नव्हे. वास राहिला तर मात्र कापड धुतलं गेलेलं नाही.

टप्पा ९: वाळवणं

एका विडी कामगार बाईने मला विचारलं होतं, “अक्का, शिवते मी, पण वाळत घालू कुठं? दारात सासरे बसलेले असतात.” त्या प्रश्नातूनच ही उलगडणारी रचना आली. पंखांचं पॅड दोरीवर ओळखू येतं. चौकोनी कापड येत नाही. ते रुमालांच्या रांगेत, उन्हात, उघड घाला. त्यावर साडी किंवा परकर पांघरू नका. झाकून वाळवलेलं कापड म्हणजे न वाळवलेलं कापड.

कव्हर सावलीत, वाऱ्याला. कडक उन्हात आणि इस्त्रीखाली पीयूएलचा थर तडकतो. पावसात आतल्या कापडावर इस्त्री फिरवा, पण ते जवळजवळ वाळल्यावर. पूर्ण सुकलेलं कापड सुती पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या नको.

किती संच लागतात? दिवसाला चार वेळा बदल, वापराचा एक दिवस आणि पावसात दोन दिवस वाळायला धरा: बारा आतली कापडं, तीन कव्हरं. तीन-चार कापडांवर भागवू पाहणारी बाई शेवटी दमट कापड वापरते. कापड चार ते सहा तासांनी बदला, कमी गेलं असलं तरी. तंबाखूत काम करत असाल तर बदलण्याआधीही हात साबणाने धुवा, फक्त नंतर नाही.

इशारा: तास-दोन तासांत पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी जात असतील, खाज, दुर्गंधी किंवा ओटीपोटात दुखणं असेल तर थर वाढवत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

टप्पा १०: गटात विक्रीसाठी शिवत असाल तर

शंभर नग कापायच्या आधी पाचच शिवा आणि वेगवेगळी कामं करणाऱ्या पाचजणींना एका पाळीपुरते द्या. परत आल्यावर ‘आवडलं का?’ विचारू नका, सगळ्या हो म्हणतात. असं विचारा: डाग पुढून पडला की मागून? बटण किती वेळा सुटलं? दोरीवर किती वाजता घातलं आणि किती वाजता काढलं? कुठे घातलं होतं? शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायला ती कचरली तर रचनेत अजून काम आहे. अशा धुऊन वापरायच्या पॅडसाठी भारतीय मानक आहे, आयएस १७५१४, वर्ष २०२१. मोठी ऑर्डर घेण्याआधी ते वाचून घ्या. प्रत्येक संचासोबत धुण्याची चिठ्ठी द्या, मराठीत आणि तेलुगूत. सोलापुरात कन्नड वाचणाऱ्याही बऱ्याच आहेत, जमलं तर तीही.

पाचजणींचं ऐकून माप बदललंत की नवा पुठ्ठा कापा, त्यावर तारीख टाका आणि जुना त्याच वेळी फाडून टाका. कपाटात राहिलेला जुना पुठ्ठा घाईच्या दिवशी कुणीतरी उचलतंच, आणि मग गठ्ठाभर पॅडं जुन्या मापाची निघतात.